रिबीन-व्हिलन बाई

४ मार्च २०२४, सोमवार

फोनवरच्या निरोपाशेजारचा '१' गेला. म्हणजे सोदामने वाचलं. उत्तर नाही! सकाळी सातला लिहिलं होतं — "जेवलीस का? पिवळी धूळ फार आहे, मास्क लाव." आता संध्याकाळचे सहा झाले.

तीन वर्षं हे असंच चाललंय. पोटची एकुलती एक पोर, इथून पाऊण तासावर तेजॉनला राहते, आणि आईशी बोलत नाही. का? तर मी तिच्या चुका काढल्या. चोंगजूच्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, चुका काढण्याचाच पगार घेतला! घरी फुकट काढल्या तर एवढं आभाळ कोसळलं?

कोसळलं खरं. इथे खोटं कशाला लिहू, वही माझीच आहे.

सोदाम इंटरनेटवरच्या कार्यक्रमांना कॅप्शन लिहिते. माणसं बोलत असतात आणि त्यांच्या डोक्यावर, कानापाशी रंगीबेरंगी अक्षरं उड्या मारतात ना, ती. तिचं नाव लागलेला पहिला कार्यक्रम आला तेव्हा मी पेन घेऊनच बसले. सत्तावीस चुका! त्यातल्या एकवीस नुसत्या इंग्रजी शब्दांच्या. नीट यादी केली आणि घरच्या गटात टाकली. गटात आम्ही तिघीच — मी, माझी धाकटी बहीण क्योंग-ओक आणि सोदाम. दोन मिनिटांनी करडी ओळ आली: 'सोदाम गटातून बाहेर पडली.' ती ओळ अजून तिथेच आहे. पुसता येत नाही.

उद्यापासून क्योंग-ओकच्या दुकानात कामाला जाणार. घरी बसून त्या '१' कडे टक लावण्यापेक्षा बरं.

५ मार्च, मंगळवार

दुकान फुलोऱ्यांचं. उद्घाटन असो, लग्न असो, मयत असो — दारात माणसापेक्षा उंच तिमजली फुलोरा उभा राहिल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. दोन बाजूंना दोन रिबिनी. उजवीवर शुभेच्छा, डावीवर पाठवणाऱ्याचं नाव. गिऱ्हाईक फोनवर मजकूर पाठवतं, मी टाइप करते, प्रिंटर कुरकुरत छापतो. मग मेंग ड्रायव्हर फुलोरा ट्रकमधून नेतो, जागेवर उभा करतो, फोटो काढतो आणि ज्याने मागवला त्याला पाठवतो. फोटो आला नाही तर फुलोरा पोचलाच नाही, अशी इथली रीत.

क्योंग-ओकने पहिल्याच दिवशी तंबी दिली — "ताई, सांगतील ते छापायचं. डोकं घरी ठेवून यायचं."

मला! जिने हिला एबीसीडी शिकवली!

दिवसभरात अकरा रिबिनी. सहांवर 'फायटिंग!', म्हणजे आपल्या कोरियनमध्ये 'हिंमत धर!'. शाळेत मोठ्या परीक्षेआधी पोरी एकमेकींना असंच ओरडायच्या. मी विचारायचे, कुणाशी? मारामारी कुणाशी करताय? इंग्रज माणूस हे ऐकून पोलिसांना बोलावेल! पोरी खिदळायच्या. एका वर्षी परीक्षेच्या सकाळी फाटकाशी मीही हळूच ओरडले होते. कुणाला ऐकू गेलं नाही.

८ मार्च, शुक्रवार

मो आडनावाचा कुणी तरुण. त्याच्या मित्राने व्यायामशाळा काढलीय. रिबिनीचा मजकूर — 'टेन्शन कायम वरच ठेव, गड्या!'

टेन्शन वर ठेव? इंग्रजीत टेन्शन म्हणजे ताण, ओढाताण, जिवाला घोर. ही शुभेच्छा की शाप? मला राहवलं नाही. मी छापलं — 'ताण टाळा, उत्साह राखा.'

वाचायला किती बरं वाटतं! मेंगसुद्धा म्हणाला, "बाई, झकास. सरकारी दवाखान्यात लावायला हरकत नाही."

बघा, ड्रायव्हरलाही पटलं!

११ मार्च, सोमवार

आली का पंचाईत!

त्या मोने रिबिनीचा फोटो इंटरनेटवर टाकला. मथळा — 'फुलोऱ्याच्या दुकानाने माझी रिबीन तपासून दिली'. तीन दिवसांत चार लाख लोकांनी बघितला. क्योंग-ओक लालबुंद होऊन फोन माझ्या नाकाशी धरून उभी.

"ताई, अगं टेन्शन म्हणजे ताण नव्हे! आपल्याकडे टेन्शन म्हणजे अंगातला जोश, दंगा! पार्टीत ज्याचं टेन्शन वर, तो सगळ्यांना हवा असतो. कुठल्या जगात राहतेस तू?"

"पण इंग्रजीत—"

"फुलोरा इंग्रजांनी मागवला होता का?"

वाद मी अर्ध्यावर सोडला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

फोटोखाली लोकांनी माझं बारसंही उरकलंय. 'रिबीन-व्हिलन'. व्हिलन! मी! जन्मात कधी सिग्नल तोडला नाही मी.

१२ मार्च, मंगळवार

जेवले नाही. व्हिलन बाई कशाला जेवतील!

१४ मार्च, गुरुवार

क्योंग-ओकला दया आली असावी. दुपारी दुकानामागे किमचीभात परतता परतता समजावत होती. व्हिलन म्हणजे खलनायक नाही म्हणे, निदान आपल्या इंटरनेटवर तरी. तिच्या इमारतीत एक 'पार्किंग-व्हिलन' आहे, तो रोज दोन गाड्यांच्या जागेत एक गाडी लावतो. ऑफिसात एखादा 'एसी-व्हिलन' असतो, माणसं गारठून मेली तरी बटण सोडत नाही. ही माणसं कुणाचा जीव घेत नाहीत, नुसता खातात. तेही एकाच गोष्टीवरून.

"मी कुणाचा जीव खाल्ला गं?"

ती भात परतत राहिली. भात केव्हाच झाला होता.

१५ मार्च, शुक्रवार

बातमी! त्या फोटोची वार्ता तेजॉनला पोचली. सोदामने मावशीला निरोप पाठवला. शब्द एकही नाही, फक्त 'खखखख'. मी क्योंग-ओकचा फोन हिसकावूनच घेतला.

हा 'ख' म्हणजे पोरांचं लेखी हसू. एकच ख आला तर समोरचा तुसडा. दोन म्हणजे पुरे आता. तीन म्हणजे सभ्यता. पण चार? चार म्हणजे थोडं तरी खरं हसली असणार!

"तुझी फजिती झाली म्हणून हसली असेल," क्योंग-ओक म्हणाली.

असेना का. हसली ना!

अर्थात हे ऑफिशियल नाही. पक्की बातमी ती 'ऑफिशियल', आणि आपल्याच डोक्यातून काढलेली ती 'मेंदूफिशियल' — असं लिहितात हल्ली. इंग्रजी शब्दाचं मुंडकं उडवून तिथे मेंदू बसवलाय! वर्गात कुणी लिहिला असता तर मी पट्टी आपटली असती. पण माझ्या आजच्या आनंदाला दुसरा शब्द सापडत नाही.

२० मार्च, बुधवार

उलटीच गंगा. लोक आता मुद्दाम मागवतात. "बाई, आमचीही रिबीन तपासा." "बाई, जरा खरमरीत येऊ द्या." आज एका केस कापण्याच्या दुकानासाठी मजकूर आला — 'आज फुल फ्लेक्स!' फ्लेक्स म्हणजे मूठ सैल सोडून उधळायचं आणि चारचौघांत मिरवायचं. मी छापलं — 'मिरवणं पुरे. केस कापा.' गिऱ्हाइकाने पंधरा ख पाठवले. क्योंग-ओकने खूश होऊन त्याला निवडुंगाची कुंडी 'सर्व्हिस' दिली. सर्व्हिस म्हणजे फुकट. हा एक शब्द मी शाळेतही कधी दुरुस्त केला नाही, माझ्याच फायद्याचा होता.

"जित्याची खोड," मेंग म्हणाला, "पण बाई, त्या खोडीवर दुकान चाललंय आता."

सगळं गाव हसतंय. एकच माणूस माझ्याशी हसत नाही. सकाळी लिहिलं, "जेवलीस का?" '१' गेला. बस्स.

२४ मार्च, रविवार

तिचा तो पहिला कार्यक्रम आज पुन्हा बघितला. पेन न घेता. हाताची घडी घालून.

डोंगरातला एक म्हातारा अंगणात लाल मिरच्या वाळवतोय. मुलाखत घेणारी विचारते, "आजोबा, मुलं येतात का भेटायला?" तो म्हणतो, "कशाला यायला पाहिजे?" आणि मिरच्या उलटत राहतो. तेवढ्यात त्याच्या टोपीशेजारी कंसात बारीक अक्षरं येतात — '(काल अंगण दोनदा झाडलं.)'

माझ्या यादीत ही एकोणिसावी चूक होती. शेरा मला तोंडपाठ आहे: 'हे तो बोललेलाच नाही. मनची भर. काढून टाक.'

माणूस जे बोलत नाही ते कंसात लिहायचं, हीच तर तिची विद्या. कॅप्शनवाली सगळी पोरं करतात ते, पण हिच्यासारखं नाही. म्हातारा काय लपवतोय ते हिने कोपऱ्यातल्या केरसुणीवरून ओळखलं! आणि मी तेच खोडलं. इंग्रजी शब्दांच्या एकवीस चुकांचं एवढं नव्हतं काही. ही एकोणिसावीच लागली असणार तिला.

रडले. लाज वाटली म्हणून रडले. भांडी तशीच पडलीत.

२ एप्रिल, मंगळवार

जमेल तसं लिहिते.

अकराच्या सुमाराला एक मजकूर आला — 'गॉड-सोदाम! सगळं तूच कॅरी केलंस!' पाठवणार ना-रे. पत्ता तेजॉनचा, तिसरा मजला, नवा कॅप्शन स्टुडिओ. उद्घाटन १२ तारखेला, सकाळी.

ना-रे माझीच विद्यार्थिनी, सोदामच्या बाकावरची. लगेच फोन लावला.

"अय्या, बाई! तुम्ही स्वतः छापणार का? मग तपासू नका हं, प्लीज—" मी मध्येच विचारलं, कसलं उद्घाटन? "बाई... तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. माझी मुलगी दोन मैत्रिणींबरोबर स्वतःचा स्टुडिओ काढतेय, आणि मला ते दुकानातल्या ऑर्डरीवरून कळतंय.

गॉड म्हणजे काय ते मला एव्हाना कळलंय. जो भारी, त्याच्या नावाआधी देव चिकटवतात. कॅरीचं विचारलं. उचलून नेणं? काय उचललं? 'सगळं' म्हणजे काय काय?

"बाई, हा खेळातला शब्द," ना-रे म्हणाली. "संघातले सगळे ढेपाळतात ना, तेव्हा एकटा कुणीतरी सगळ्यांना पाठीवर घेऊन डाव जिंकून देतो. तो कॅरी करतो. सोदाम पहिल्यापासून तशीच. काका आजारी होते तेव्हा पण..."

तेव्हा पण. तिचे बाबा इस्पितळात होते त्या हिवाळ्यात रात्री तिच्या. डबे तिचे. डॉक्टरांशी बोलणं तिचं. बाबांना हसवणंही तिचं. मी शाळेत. घर कुणीतरी चालवायला हवं, असं म्हणत पेपर तपासत बसायचे. खरं तर मला इस्पितळाच्या वासाचीच भीती वाटायची. हे मी कुणाला सांगितलं नाही. तिने ओळखलं असणार, आणि म्हणूनच मला कधी 'ये' म्हणाली नाही.

रिबीन आली तशी छापली. काना-मात्रा न बदलता. क्योंग-ओक दोनदा येऊन वाचून गेली. तिचा विश्वासच बसेना.

५ एप्रिल, शुक्रवार

माझाही फुलोरा जाणार. ठरलं!

"तुला बोलावलंय का?" क्योंग-ओक.

"नाही."

"मग?"

"फुलोऱ्याला आमंत्रण लागत नाही."

"आणि तिने परत पाठवला तर?"

तीच तर भीती. निरोप वाचून गप्प बसता येतं. पण फुलोरा माणसापेक्षा उंच असतो, तो एकतर दारात ठेवायचा नाहीतर परत करायचा. मधलं काही नाही. मेंगला सांगून ठेवलंय — नको म्हणाली तर हुज्जत घालू नकोस, गुपचूप परत आण. फोटोही काढू नकोस. फोटो आला नाही की मी समजेन, आणि मग ते 'जेवलीस का'सुद्धा बंद करेन. किती दिवस पोरीच्या मागे लागायचं माणसाने?

९ एप्रिल, मंगळवार

उजव्या रिबिनीवर काय छापू?

'हार्दिक अभिनंदन, उत्तरोत्तर भरभराट होवो.' छापून बघितलं. बँकेच्या मॅनेजरने पाठवल्यासारखं दिसतं. फाडलं.

'गॉड-सोदाम, टेन्शन वर ठेव!' छापून बघितलं. त्रेसष्टाव्या वर्षी पोरीची जीन्स घालून बाजारात गेल्यासारखं वाटलं. फाडलं.

'माझं चुकलं.' हे छापलं तेव्हा मेंग चहा घेऊन आला होता. वाचून म्हणाला, "बाई, पाहुणे तांदळाच्या वड्या खात असतील आणि दारात हे? लोकांना वाटेल आत कुणाचा तरी खून झालाय." खरंय. फाडलं.

मग एक लांबलचक लिहिलं. त्यात स्वल्पविराम चुकला म्हणून पुन्हा छापलं, आणि तेवढ्यात लक्षात आलं की मी माझ्याच माफीची तपासणी करत बसलेय! फाडलं.

"ताई, रोल संपवलास," क्योंग-ओक म्हणाली. पण रागावली नाही.

१० एप्रिल, बुधवार

टीएमआय, 'टू मच इन्फर्मेशन'. म्हणजे न मागता सांगितलेली स्वतःची फुटकळ माहिती. इंग्रजीत हे तोंड बंद करायला वापरतात, इथली पोरं हौसेने मागतात — "ताई, आजचा टीएमआय सांगा ना!" तर माझा आजचा: झोप नाही. दात तीनदा घासले. सोदामला आवडतात त्या लाल घेवड्याच्या वड्या आणल्या आणि शेजारणीला देऊन टाकल्या.

११ एप्रिल, गुरुवार

डाव्या रिबिनीवर छापलं — 'आई'. नाव नाही, हुद्दा नाही, 'निवृत्त शिक्षिका' नाही.

उजवी कोरी.

क्योंग-ओक बघतच राहिली. "कोरी? वीस वर्षं हा धंदा करतेय मी. कोरी रिबीन मयतालासुद्धा जात नाही गं!"

"मला येत नाही लिहायला," मी म्हटलं. "चुका काढता येतात. लिहायला येत नाही."

हे मोठ्याने म्हटलं आणि दुकानाच्या मधोमध उभी राहून पोटभर हसले. मग क्योंग-ओकही हसली. मग तिने माझं नाक पुसलं, आम्ही लहान असताना मी तिचं पुसायचे तसं. आणि कोरी रिबीन तिने स्वतःच्या हाताने बांधली, चांगली घट्ट.

१२ एप्रिल, शुक्रवार, तेजॉन

ट्रकमध्ये बसून लिहितेय. यायचं नव्हतं. सकाळी मेंगने दार उघडून धरलं आणि म्हणाला, "बाई, सीट रिकामीच जाते." बसले.

इमारतीसमोर उभे आहोत. मेंग आधी ना-रेचा फुलोरा वर नेऊन आला. वरून हसण्याचे आवाज येताहेत. म्हणाला, उद्घाटनाच्या पूजेला डुकराचं मुंडकं मांडायचं तर पोरींनी टॅबलेटवर त्याचं चित्र लावलंय आणि त्यालाच वाकून नमस्कार चाललेत. मग माझा खांद्यावर घेतला. "वर येताय?" नाही. "काही सांगू?" एक अक्षर बोलू नकोस! मी आलेय हेही नाही!

गेला. तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडी आहे. मी सीटमध्ये खाली सरकून बसलेय. त्रेसष्ट वर्षांची बाई!

दहा मिनिटं झाली. फोटो नाही.

सतरा मिनिटं.

त्याच दिवशी, अकरा वाजून वीस मिनिटं

फोटो आला. फुलोरा दारातच आहे. रिबीन कोरी नाही. काळ्या मार्करने, सोदामच्या तिरक्या अक्षरात, वरपासून खालपर्यंत —

'(खाली ट्रकमध्ये बसलीय. वर यायला लाजतेय.)'

दोनदा वाचलं. एकही चूक नाही.